कुरकुर कमी, तक्रार नेमकी : शिक्षकांनी कामाचा भार कसा मोजावा आणि कसा मांडावा

शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आसपासच्या शाळांतील शिक्षकांच्या मासिक बैठकीच्या, दिवशी केंद्रशाळेच्या व्हरांड्यात चहा येईपर्यंत जे बोलणे चालते, ते खान्देशातील कोणत्याही तालुक्यात जवळपास सारखेच असते. कोणाची यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती तीनदा परत आलेली असते, कोणाच्या वर्गातील चार मुलांची आधारवरील नावे हजेरीपटाशी जुळत नसतात, कोणाला मतदार यादीच्या कामासाठी तहसील कार्यालयात बोलावलेले असते, आणि कोपऱ्यातून एखादे ज्येष्ठ गुरुजी अहिराणीत विचारतात, "बठ्ठं मास्तरनीच करानं का?", म्हणजे सगळे मास्तरनेच करायचे का? सगळे हसतात, चहा येतो, परिषद सुरू होते आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या महिन्यापर्यंत लांबणीवर पडते. आधी उपशिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक म्हणून मी सव्वीस वर्षे त्या व्हरांड्यात बसलो आहे, आणि त्यांतील निम्मी वर्षे त्या कुरकुरीत माझाच आवाज सर्वांत मोठा होता, हे आधीच सांगितलेले बरे.

शिक्षकाने तक्रार करू नये, असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. उलट, जी तक्रार व्हायला हवी ती होत नाही आणि तिच्या जागी कुरकुर होते, हे माझे म्हणणे आहे. ज्या गाऱ्हाण्याला पत्ता नसतो, तारीख नसते आणि मागणीही नसते, त्याला मी कुरकुर म्हणतो. या कुरकुरीचे तक्रारीत रूपांतर कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी वही

दोनशे पानी एक वही घ्यावी आणि सलग दोन आठवडे, म्हणजे शाळेचे बारा दिवस, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद त्याच दिवशी करावी. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद रागाच्या मापाने फुगते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. चार रकाने पुरतात : काम काय होते, ते कोणी आणि कसे सांगितले, म्हणजे पत्राने, फोनवर की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, किती मिनिटे लागली, आणि ती मिनिटे वर्गाच्या वेळेतली होती की त्याबाहेरची. तासांत लिहू नये, मिनिटांतच लिहावे, कारण "अर्धा दिवस गेला" असे आपण ज्या कामाला म्हणतो ते पुष्कळदा पन्नास मिनिटांचे असते, आणि "दोन मिनिटांचे काम" म्हणून सांगितलेली लिंक ओटीपी येईपर्यंत पस्तीस मिनिटे खाते. पंधरवडा निवडताना जूनचा प्रवेशाचा काळ आणि निवडणुकीचे दिवस टाळावेत, कारण त्या दिवसांचे आकडे मोठे येतात आणि समोरचा अधिकारी "ते दिवसच तसे होते" म्हणून ते बाजूला सारतो. जुलैचा उत्तरार्ध आणि दिवाळीनंतरचा एखादा पंधरवडा असे दोन नमुने घेतले, तर कोणालाही तसे म्हणता येत नाही.

वहीत प्रवासाचे पान वेगळे ठेवावे. हा मुद्दा आपल्या भागात कोणालाच आवडत नाही, तरीही तो लिहितो. धुळ्याहून, अमळनेरहून किंवा शिरपूरहून रोज अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाला संध्याकाळी जो थकवा येतो, त्याचा मोठा वाटा चाळीस-पन्नास किलोमीटरच्या रस्त्याचा असतो, आणि तो रस्ता खात्याने दिलेला नसतो. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहणे शक्य नसण्याची कारणे खरी असू शकतात. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, गावात भाड्याने खोली न मिळणे, यांतले प्रत्येक कारण मी स्वतः दिलेले आहे. पण प्रवासाचा शीण कामाच्या भारात मिसळला, की संपूर्ण तक्रारच डळमळते. याउलट अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही तिथे ऑनलाइन माहिती भरण्यासाठी टेकडी चढून जावे लागते, तेव्हा ती चढण कामाच्याच रकान्यात लिहावी. तो प्रवास माहिती मागणाऱ्याने लावलेला असतो.

मी पहिल्यांदा अशी वही लिहिली तेव्हा माझी समजूत होती की माझा निम्मा वेळ कागदांत जातो. वहीत तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. क्षणभर ओशाळल्यासारखे झाले. मग चौथा रकाना पाहिला, आणि कळले की तो पाचवा हिस्सा जवळजवळ सगळाच सकाळी साडेअकरा ते दुपारी एक या वेळेतला आहे. पंचायत समितीचे कार्यालय त्याच सुमारास कामाला लागते, त्याच वेळी ग्रुपवर "अत्यंत तातडीचे" असे शब्द उमटतात, आणि त्याच वेळी मुलांचे डोके सर्वांत ताजे असते. म्हणजे माझे दुखणे कामाच्या प्रमाणापेक्षा कामाच्या वेळेचे होते. वही नसती तर मी आणखी दहा वर्षे चुकीचीच तक्रार करीत राहिलो असतो.

माप कोणते लावावे

आकडे हाती आले की ते कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न येतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याला, म्हणजे २००९ च्या अधिनियमाला, एक अनुसूची जोडलेली आहे, आणि तिच्यात शिक्षकाच्या कामाचे माप स्पष्ट दिलेले आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, आणि शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम, ज्यात अध्यापनाबरोबर पूर्वतयारीचा वेळही धरलेला आहे. हे शेवटचे वाक्य फार थोड्या शिक्षकांनी वाचलेले असते. सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते पाच आणि शनिवारी सकाळचे साडेतीन तास, असे धरले तर मधल्या सुट्टीसह शाळेचा आठवडा ३६ तासांचा होतो. टाचण म्हणजे पाठाची लेखी तयारी, वह्यांची तपासणी आणि साहित्याची तयारी यांसाठी कायद्याच्याच हिशेबाने नऊ तास उरतात. तेव्हा रात्री घरी तासभर वह्या तपासाव्या लागतात, ही तक्रार कायद्यासमोर टिकत नाही. पण तो तास मतदार यादीने आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या पोर्टलने खाल्ला आणि वह्या तशाच राहिल्या, ही तक्रार टिकते.

दुसरा हिशेब मुलाच्या बाजूने करावा. ८०० तासांना २०० दिवसांनी भागले तर दिवसाला चार तास येतात. दोन शिक्षकांच्या शाळेतील एक शिक्षक सहा दिवस बाहेरच्या कामावर गेला, तर त्याच्या वर्गातील मुलाचे २४ तास, म्हणजे वर्षाच्या अध्यापनाचे तीन टक्के, गेले किंवा दुसऱ्या शिक्षकाच्या दोन वर्गांत वाटले गेले. "आम्हाला फार त्रास होतो" हे वाक्य कार्यालयात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते; "चौथीच्या मुलांचे २४ तास बुडाले" हे मात्र क्वचितच कोणी लिहून देते.

ढीग वेगळे करावेत

नंतर वहीतील नोंदींचे ढीग करावेत. पहिला ढीग आपल्या मूळ कामाचा. वेळेवर येणे, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याला लागेल तशी जादा शिकवणी देणे आणि पालकांना नियमितपणे भेटणे, ही कर्तव्ये कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेली आहेत. यांबद्दल तक्रार करू नये. वह्या तपासण्याचा कंटाळा मलाही येत असे, आणि कंटाळा येणे हा गुन्हा नव्हे. पण अर्जाच्या पहिल्याच ओळीत वह्यांचे रडगाणे आले, की पुढच्या खऱ्या मुद्द्यांवरचा वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ज्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये आहेत, त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात शिक्षकाच्या तक्रारींचे निवारण विहित पद्धतीने व्हावे, असेही लिहिले आहे.

दुसरा ढीग कायद्यानेच आपल्याकडे दिलेल्या बाहेरच्या कामांचा. कलम २७ म्हणते की शिक्षकाला शिक्षणाव्यतिरिक्त कामाला लावता येणार नाही. परंतु दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधानमंडळ व संसद यांच्या निवडणुका, ही तीन कामे त्याला अपवाद आहेत. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून होत आहे, त्यामुळे या अपवादाचा अनुभव सर्वांनाच येणार आहे. निवडणुकीचे काम नाकारणे कायद्याने दंडनीय ठरू शकते. म्हणून "हे काम मी करणार नाही" असे कधीही लिहून देऊ नये. मागायचे असेल ते वेळेचे नियोजन मागावे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका दिल्लीच्या शाळेच्या प्रकरणात म्हटले आहे की शिक्षकांना निवडणुकीची कामे सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत आणि शिकवण्याच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नयेत. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून नेमणूक झालेल्या शिक्षकाने अर्जात या निर्णयाचा आधार घ्यावा आणि घरभेटींसाठी शनिवारची दुपार, रविवार किंवा दिवाळीची सुट्टी सुचवावी. सुट्टी जाते याचे वाईट वाटते, हे खरे; पण "वर्गही घेणार नाही आणि सुट्टीही सोडणार नाही" अशी भूमिका घेतली, तर गावाची सहानुभूती मिळत नाही.

तिसरा ढीग उरलेल्या सगळ्याचा, आणि खरी तक्रार इथेच जन्माला येते. निरनिराळ्या विभागांची सर्वेक्षणे, मोहिमांचे फोटो आणि त्यांचे अहवाल, एकच पटसंख्या पाच तक्त्यांत पाच प्रकारे मागणे, काही नसले तरी "निरंक" म्हणून कळवणे, ही सगळी कामे यात येतात. राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा शासन निर्णय काढलेला आहे. त्याची छापील प्रत शाळेच्या फाइलीत लावावी आणि वहीतील तिसऱ्या ढिगातील प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून पाहावी. जी कामे अशैक्षणिक यादीत बसतात, त्यांची वेगळी बेरीज करावी.

पोषण आहाराला कोणत्या ढिगात टाकावे, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझे मत असे आहे की वाढण्यापूर्वी खिचडीची चव घेणे आणि मूल पोटभर जेवले की नाही हे पाहणे, हे शिक्षकाचेच काम आहे. धडगावच्या पाड्यावरून कोरभर भाकर खाऊन आलेल्या मुलाला दुपारी गणित कळावे असे वाटत असेल, तर ते टाळता येत नाही. पण पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने साठा नोंदवही जुळवणे, पोती मोजून घेणे आणि रोजची नोंद मोबाइलवर पाठवणे, हे लिपिकाचे काम आहे आणि प्राथमिक शाळेला लिपिक नसतो. तक्रार चव घेण्याची नसावी, लिपिक नसण्याची असावी.

आणखी एक ढीग आहे, पण तो मिनिटांत मोजता येत नाही. बारकाईने पाहिले तर शिक्षकाच्या निम्म्या कुरकुरीचे मूळ कामात नसून बोलण्याच्या पद्धतीत असते. रात्री दहा वाजता ग्रुपवर नाव घेऊन विचारणा होते, वयाने धाकटा अधिकारी वर्गात मुलांसमोर एकेरीत बोलतो, काम वेळेत केलेल्या नव्वद शाळांविषयी कोणी शब्द काढीत नाही आणि राहिलेल्या दहांची यादी लाल अक्षरांत फिरते. माझ्याबाबतीत असे घडले त्या दिवशी मी घरी जाऊन पोर्टलला तासभर शिव्या घातल्या, पोर्टलचा काहीच दोष नव्हता. अवमान झाला असेल तर तो अवमान म्हणूनच नोंदवावा : दिनांक, वेळ, वापरलेले शब्द, उपस्थित कोण होते. त्याला कामाच्या भाराच्या अर्जात मिसळू नये. दोन्ही एकत्र केले, की वाचणारा सोपा मुद्दा उचलतो आणि अवघड मुद्दा सोडून देतो.

कोणासमोर बोलू नये

मुलांसमोर बोलू नये, याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. पालकांसमोर का बोलू नये, ते मात्र सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चोपडा, पारोळा, शिंदखेडा या भागांत जी आई पहाटे घरचे आवरून दिवसभर कापूस वेचते आणि संध्याकाळी मुलाला न्यायला फाटकाशी येते, तिच्यासमोर "आज फार लोड झाला" असे म्हणणाऱ्या शिक्षकाकडे ती काही न बोलता पाहते. ते पाहणे मी एकदा सोसले आहे. "मास्तरला काय, सुट्ट्याच सुट्ट्या" हे पारावरचे वाक्य आपल्याला झोंबते, परंतु आपणच जागोजागी थकव्याची जाहिरात केली तर ते वाक्य जास्त पक्के होते. त्याच आईला "तुमच्या मुलाचे या महिन्यात इतके तास बुडाले" असे सांगितले, तर ती आपल्या बाजूला उभी राहते. नंदुरबार जिल्ह्यातील ज्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर गुजरातकडे जातात, तिथे तर मुलाचे हाती लागणारे महिनेच थोडे असतात. त्या पालकांना तासांचा हिशेब कोणाहीपेक्षा लवकर कळतो.

नव्या शिक्षणसेवकासमोर पहिल्या महिन्यात तोंड आवरावे. दरमहा सोळा हजारांच्या मानधनावर तीन वर्षे काढायला आलेला तो मुलगा किंवा मुलगी अजून वर्गाच्या प्रेमात असते, आणि आपली वीस वर्षांची कटुता त्यांच्या गळ्यात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांना काही द्यायचेच असेल, तर वहीचे चार रकाने आखून द्यावेत.

समाजमाध्यमांवर लिहिताना जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लक्षात ठेवावेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास त्यांत बंधने आहेत, आणि रागाच्या भरात टाकलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट नोटिशीला जोडून येतो. मूळ तक्रार बाजूला राहते आणि पोस्टचीच चौकशी चालू होते.

या संदर्भात साने गुरुजींचा उल्लेख आपल्याकडे हमखास होतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. कामाच्या ताणाबद्दल बोलणाऱ्या शिक्षकाला गप्प करण्यासाठी "साने गुरुजींचा आदर्श ठेवा" असे भाषणांत ऐकवले जाते. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत होते आणि मुलांची सेवाशुश्रूषा करीत होते, हे खरेच आहे. पण त्याच गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली, १९३८ मध्ये अमळनेरातूनच 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढून शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाऱ्हाणी मांडली, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. निमूटपणे सोसण्याचा आदर्श म्हणून त्यांचे नाव घेणाऱ्याने त्यांचे चरित्र अर्धेच वाचलेले असते.

अर्ज कसा लिहावा

माझा पहिला अर्ज अडीच पानांचा होता. त्यात पोर्टल होते, पोषण आहार होता, बदल्या होत्या, शौचालयाची मोडलेली कडी होती आणि शेवटी "शिक्षकांना वेठबिगार समजू नये" असे एक वाक्य होते, ज्याचा मला फार अभिमान वाटला होता. तो थेट जिल्ह्याला पाठवला. महिन्याभराने "योग्य मार्गाने सादर करावे" एवढ्या शेऱ्यासह तो परत आला. शेरा मला उद्धटपणाचा वाटला होता. आता वाटत नाही. अडीच पानांतील सात मागण्यांपैकी कोणती मागणी कोणत्या टेबलाने निकाली काढायची, हे मलाही सांगता आले नसते.

अर्जात एकच विषय असावा आणि तो अर्ध्या पानात मावावा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने तो मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या केंद्राचे प्रमुख) यांच्यामार्फत तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लिहावा. खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने ठरतात. त्यांनी आधी मुख्याध्यापक व संस्था, आणि नंतर माध्यमिक शिक्षणाधिकारी, हा क्रम सोडू नये. आश्रमशाळांतील शिक्षकांचा मार्ग आणखी वेगळा, तो आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो. आपल्या भागात तशी कार्यालये नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे आहेत. चुकीच्या दारावर दिलेला चांगला अर्जही वाया जातो.

मजकूर साधारण असा असावा. आकडे अर्थातच स्वतःच्या वहीतले घालावेत :

"विषय : अध्यापनाच्या वेळेत मागविण्यात येणाऱ्या माहितीबाबत.

महोदय, आमच्या शाळेत इयत्ता पहिली ते चौथीचे ४७ विद्यार्थी असून दोन शिक्षक कार्यरत आहेत. दिनांक १४ ते २६ जुलै या कालावधीत शाळेकडून १९ वेळा माहिती मागविण्यात आली. त्यांपैकी १३ वेळा ती त्याच दिवशी सादर करण्यास सांगण्यात आले. या कामासाठी एका शिक्षकाचे ११ तास २० मिनिटे खर्च झाले असून त्यांपैकी ८ तास ४० मिनिटे अध्यापनाच्या वेळेतील आहेत. त्या वेळेत चारही वर्ग एकाच शिक्षकाकडे होते. मागविलेल्या माहितीपैकी ७ वेळची पटसंख्येची माहिती यापूर्वीच पोर्टलवर भरलेली आहे. तरी नियमित माहितीसाठी आठवड्यातील एक दिवस निश्चित करण्यात यावा आणि इतर माहितीसाठी किमान दोन दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती. सोबत कामाच्या नोंदींचा तक्ता जोडला आहे."

यात एकही विशेषण नाही, आणि ते मुद्दाम आहे. "प्रचंड", "असह्य", "मानसिक छळ" असे शब्द लिहिण्याची इच्छा होते, पण ८ तास ४० मिनिटे या आकड्याला त्यांच्या मदतीची गरज पडत नाही. मागणी अशी असावी की ती मान्य करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याच्या हातात असेल. पोर्टल बंद करणे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात नसते, माहितीसाठी मंगळवारसारखा एखादा वार ठरवणे असते. जावक क्रमांक टाकल्याशिवाय अर्ज पाठवू नये आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.

एकट्याच्या अर्जापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जास्त वजनदार असतो. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मासिक सभेत वहीतील बेरीज वाचून दाखवावी, चर्चा पालकांना करू द्यावी आणि ठराव त्यांच्याच शब्दांत लिहावा. आमच्या समितीतील एका ताईंनी विचारले होते, "सर बाहेर असतात तेव्हा वर्गावर कोण असतं?" तो प्रश्न आम्ही जसाच्या तसा ठरावात घातला. माझ्या कोणत्याही अर्जापेक्षा त्याचे उत्तर लवकर आले : आमच्या केंद्रापुरता माहिती देण्याचा वार ठरला. पोर्टल तेवढेच राहिले, बीएलओची नेमणूकही राहिली, पण साडेअकरा ते एक हा वेळ बऱ्याच अंशी मोकळा झाला.

तोपर्यंत शाळेत काय करावे

उत्तर येईपर्यंत काही गोष्टी कोणाच्याही परवानगीशिवाय करता येतात. पटसंख्या, जातनिहाय व वयोगटनिहाय तक्ते, बँक खाती, शिक्षकांची माहिती, हे सगळे एकाच फाइलीत आणि एकाच मोबाइलमध्ये अद्ययावत ठेवावे. दर वेळी हजेरीपट उघडून मोजत बसू नये. ग्रुप पाहण्याच्या वेळा ठरवाव्यात, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतर, आणि तसे केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवावे. सांगितले नाही तर तो हट्ट दिसतो. मार्चनंतर सकाळची शाळा सुरू होते तेव्हा जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो; त्या दिवसांत दुपारची ऑनलाइन कामे साचवून न ठेवता सकाळी शाळा सुटल्याबरोबर शाळेतच बसून संपवावीत. कामाची वाटणी लेखी असावी, नाहीतर ज्याला संगणक येतो तोच मरतो. हे प्रत्येक शाळेत घडते आणि ज्याला येत नाही तो ते शिकण्याचे सोयीस्करपणे टाळतो, हेही वहीत दिसते.

उत्तर न आल्यास

तीस दिवसांनी स्मरणपत्र द्यावे, मूळ अर्जाचा जावक क्रमांक आणि दिनांक त्यात असावा, आणि बाकी काही नसावे. त्यानंतरही काही हालचाल झाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. पुष्कळदा उत्तर येण्याआधी मूळ अर्जच निकाली निघतो. संघटनेकडे जायचे असेल तर वही घेऊन जावे. दहा शाळांच्या वह्या एकत्र आल्या, तर तालुक्याचे चित्र तयार होते, आणि ते निवेदनाला जोडता येते. विधान परिषदेतील नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे येतात. त्या मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्यापुढील शिक्षकांना असते, प्राथमिक शिक्षकांना नसते. ज्यांच्याकडे बाहेरची कामे सर्वांत जास्त येतात त्यांनाच तिथे मत नाही, ही विसंगती मला अजूनही बोचते. तरीही प्रश्न विचारता येतो, आणि आकडे तयार असतील तर तो विचारला जातो.

वही दोन वर्षे जपून ठेवावी. बदली झाली तर तिची एक छायाप्रत शाळेच्या कपाटात, पदभार यादीच्या मागे लावून जावे. नव्या शिक्षकाला जुलैच्या पंधरवड्याशी ताडून पाहायला काहीतरी हाताशी असते.